कृतज्ञतेची सुरुवात लक्ष देण्यापासून: नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी काही पायऱ्या

माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं तेव्हा पाच आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. शर्टाची बटणं लावणं, सही करणं, ओला टॉवेल पिळणं, यातलं काहीच जमत नव्हतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी बेसिनपाशी उभं राहून दोन्ही तळव्यांवर पाणी घेतलं आणि डोळे भरून आले. नळाचंच पाणी, रोजचं. पुढचे आठ-दहा दिवस हात धुताना दरवेळी तसंच भरून यायचं. मग ते कधी थांबलं, कळलंही नाही. महिन्याभरानं लक्षात आलं की मी पुन्हा पूर्वीसारखाच, डोक्यात भलताच विचार घोळवत हात धुतोय. हात बरा होता, पाणी येत होतं. लक्ष तेवढं निघून गेलं होतं.

ते लक्ष परत कसं आणायचं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. ज्यांना आता कुठं सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी शब्दाकडे पाहू. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेलं जाणणारा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आनंदाचं भरतं येणं, गहिवरणं यातलं काहीही या शब्दात नाही. त्यात फक्त जाणणं आहे. हे समजलं तेव्हा माझ्यावरचं मोठं ओझं उतरलं, कारण तोवर मी बळेबळे काहीतरी वाटून घ्यायचा प्रयत्न करत होतो आणि वाटलं नाही की खट्टू होत होतो. भावना हुकमानं येत नाही. लक्ष मात्र वळवता येतं. योगशास्त्रात पाच नियम सांगितले आहेत, त्यांत पहिला शौच आणि दुसरा संतोष. म्हणजे संतोषाची जागा स्वच्छतेच्या शेजारी आहे! दात घासायला आपण मूड येण्याची वाट पाहत नाही. संतोषही तसाच, रोज करायचा.

मग तो आपोआप का टिकत नाही? कारण जे रोज मिळतं त्याची नोंद घेणं मन बंद करतं. 1978 साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. त्यात लॉटरी लागलेल्या 22 जणांची तुलना त्याच भागातल्या इतर लोकांशी केली होती. लॉटरी लागलेले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. त्याहून मला चटका लावणारी गोष्ट अशी की रोजच्या लहानसहान गोष्टींतला त्यांचा आनंद इतरांपेक्षा कमी भरला. मोठं सुख लहान सुखांची चव घालवून गेलं होतं.

दुसरं कारण म्हणजे आपण असतो एकीकडे आणि मन असतं दुसरीकडे. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठं आहे, कसं वाटतंय? जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. भरकटलेलं मन एखाद्या सुखद विचारात रमलेलं असलं, तरी ती माणसं कामात लक्ष असणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती. म्हणजे दिवास्वप्नं रंगवूनही हाती काही जास्तीचं लागत नाही. हे वाचल्यावर मी बराच वेळ स्वस्थ बसून होतो.

आता पायऱ्यांकडे वळू.

पहिली पायरी: एकच क्षण निवडा

नवखी माणसं इथंच चुकतात. ती सूर्योदय निवडतात. सूर्योदय सुंदर असतो, पण त्यासाठी लवकर उठावं लागतं, आभाळ मोकळं असावं लागतं, आणि चौथ्या दिवशी झोप जिंकते. त्यापेक्षा असा क्षण निवडा जो तुम्ही काही केलं नाही तरी रोज येणारच आहे. हात धुणं. घराचं दार उघडणं. सकाळी उठल्यावर पाण्याचा पहिला घोट. बुटाची नाडी बांधणं. रात्री दिवा मालवणं.

निवडताना तीन गोष्टी पाहा. त्या क्षणी शरीर काहीतरी करत असावं, कारण नुसतं बसून मन आवरणं नवख्याला जड जातं. तो क्षण दोन मिनिटांच्या आतला असावा. आणि तेव्हा हातात फोन नसावा. गाडी चालवतानाचा किंवा रस्ता ओलांडतानाचा वेळ यासाठी अजिबात निवडू नका. तिथं सगळं लक्ष रस्त्यावरच हवं.

मग एका कागदावर एक वाक्य लिहा: ‘जेव्हा मी दाराची कडी उघडेन, तेव्हा थांबेन.’ जेव्हा आणि तेव्हा हे दोन्ही शब्द त्यात हवेत. ‘रोज थोडा वेळ शांत राहीन’ असा संकल्प हवेत विरतो. कडीला बांधलेला संकल्प कडीला हात लागला की आठवतो. कागद त्या जागेजवळ चिकटवा. पहिले पंधरा दिवस एवढंच करा, दुसरा क्षण जोडू नका. उत्साहाच्या भरात पाच क्षण धरले की पाचही सुटतात.

दुसरी पायरी: तीन श्वास

थांबलात की आधी श्वास. नाकानं सहज घ्या आणि सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना ती मंदावते. हे आपल्या मज्जासंस्थेचं रोजचं काम आहे. म्हणून लांब उच्छ्वासानं शरीराला ‘आता धोका नाही’ असा निरोप मिळतो. तीन श्वासांना अर्धं मिनिट पुरतं.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमटल्यासारखं वाटतं. तुम्हाला तसं होत असेल तर श्वास सोडून द्या. तळपाय जमिनीला कुठं टेकलेत, टाचेवर भार जास्त आहे की चवड्यावर, याकडे लक्ष द्या. त्यानंही तेच साधतं.

तिसरी पायरी: जे आहे ते पाहा

या पायरीवर सगळ्यांत जास्त दिवस रेंगाळा. इथं घाई केली तर पुढचं सगळं नुसतं तोंडानं म्हणणं होतं.

समजा तुम्ही हात धुताय. पाणी गार आहे की कोमट? ते आधी कुठं लागलं, बोटांच्या टोकांना की मनगटाला? नळातून पडताना त्याचा एक आवाज असतो आणि हातावर पडल्यावर दुसरा. दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात का? साबणाचा हात बुळबुळीत असतो, मग एका विशिष्ट क्षणी त्वचा पुन्हा करकरीत होते. तो क्षण पकडता येतो का? सुरुवातीला मनातल्या मनात शब्द द्या: गार, जड, सळसळ, गुळगुळीत. ‘छान’, ‘सुंदर’ असे शब्द मात्र टाळा. ते निवाड्याचे शब्द आहेत, पाहण्याचे नाहीत. ‘छान’ म्हटलं की मनाला वाटतं पाहून झालं, आणि ते पुढं निघून जातं.

मन भरकटेलच. दहा सेकंदांत तुम्ही कालच्या भांडणात किंवा उद्याच्या कामात असाल. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. ‘अरे, मी इथं नव्हतो’ हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी तुम्ही परत आलेलेच असता. तो परत येण्याचा क्षण हाच खरा व्यायाम. वीस वेळा भरकटून वीस वेळा परत आलात, तर वीसदा व्यायाम झाला.

आणखी एक खोड सांगतो, कारण माझी तीच खोड होती. मी मधूनच तपासून पाहायचो: शांत वाटायला लागलं का? झोप आली का हे बघायला कुणी डोळे उघडावेत, तसं ते असतं. शांतता येतेय का याची राखण करू नका. तुमचं काम पाणी पाहण्याचं आहे, तेवढं करा आणि नळ बंद करून निघा.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचे एक साधक होऊन गेले. मठाच्या स्वयंपाकघरात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खणखणाटातली कामाची वेळ यांत त्यांनी फरक ठेवला नाही. दोन्हीकडे ईश्वराचं सान्निध्य सारखंच आहे, अशी त्यांची धारणा होती. ते आठवलं की मला धीर येतो. त्यांना अध्यात्मासाठी वेगळी खोली लागली नाही.

चौथी पायरी: हे कुणी केलं?

पाहणं थोडं जमायला लागलं, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, की मग हा प्रश्न विचारा. ‘केलेलं जाणणं’ इथून सुरू होतं.

पाणी हातावर पडतंय. हा नळ कुणीतरी बसवला. पाइप कुणीतरी खड्ड्यात उतरून जोडला. आपण झोपेत असताना पंपावर कुणीतरी जागं असतं. त्याआधी हेच पाणी ढगात होतं, त्याआधी समुद्रात, आणि त्याआधी किती झाडांतून, किती देहांतून फिरून आलं असेल. पृथ्वीवरचं पाणी असंच पुन्हा पुन्हा वाफ होतं आणि पुन्हा पुन्हा बरसतं. खिडकीतून हातावर पडलेलं ऊन सूर्यापासून निघून इथं यायला सुमारे आठ मिनिटं वीस सेकंद लागलेत. आणि हे सगळं जाणवायला जे हृदय चालू आहे, त्याचे दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. त्यातला एकही आपण ठरवून दिलेला नसतो.

रोज सगळी साखळी आठवू नका. एक दिवस एकच दुवा घ्या: आज पाइप जोडणारा, उद्या ढग. आणि त्या दुव्यापाशी मनात एवढंच म्हणा, ‘हे मला कळलं.’

आभार कुणाचे मानायचे, असं मला अनेकजण विचारतात. ज्यांची देवावर श्रद्धा आहे त्यांच्यासाठी उत्तर सोपं आहे. त्यांनी इथंच मनोमन हात जोडावेत, शब्द नसले तरी चालतील. ज्यांची श्रद्धा नाही त्यांनी उसनी आणू नये. त्या पाइप जोडणाऱ्या अनोळखी माणसापर्यंत मन पोचलं तरी पुरेसं आहे. दोन्ही वाटांनी गेलेल्यांना मी जवळून पाहिलंय. ‘हे सगळं माझं एकट्याचं नाही, मला मिळालेलं आहे’ या जागी दोघंही पोचतात, आणि तिथं पोचल्यावर छातीतला एक पीळ सैल होतो. मी अध्यात्म म्हणतो ते यालाच.

पाचवी पायरी: लिहून ठेवा

रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन गोष्टी लिहा, आणि प्रत्येकीपुढं ती का घडली हेही लिहा. मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली हाच प्रयोग लोकांना फक्त एक आठवडा करायला दिला होता. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. अर्थात त्यांतल्या बऱ्याच जणांनी आठवडा संपल्यावरही आपण होऊन लिहिणं चालू ठेवलं होतं.

‘का’ गाळू नका. ‘कुटुंब, आरोग्य, घर’ अशी यादी तिसऱ्या दिवशी हजेरीपटासारखी होते. त्याऐवजी असं लिहा: ‘दुपारी डोकं दुखत होतं, शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी न सांगता खिडकीचा पडदा ओढला. का? त्यांनी माझे मिटलेले डोळे पाहिले.’ हे एक वाक्य दहा मोठ्या शब्दांहून जास्त काम करतं. लिहिताना तो क्षण पुन्हा जगला जातो. शिवाय आपण कुणाच्या तरी नजरेत होतो, हेही कळतं.

रोज लिहावं की आठवड्यातून एकदा? सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या 2005 सालच्या एका अभ्यासात सहा आठवडे आठवड्यातून एकदाच नोंद करणाऱ्यांचा आनंद वाढला, तीनदा करणाऱ्यांचा वाढला नाही. बहुधा अतिपरिचयानं गोष्ट शिळी होत असावी. माझा सल्ला असा: पहिला आठवडा रोज लिहा, म्हणजे नजर तयार होते. मग आठवड्यातून एक रात्र ठरवा. लिहिणं यांत्रिक झालंय असं वाटलं की वही खुशाल बंद करा आणि पंधरा दिवसांनी उघडा.

‘माझी परिस्थितीच अशी नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा एक भाग मज्जातंतू-स्नायूंचे आजार असलेल्या प्रौढांवर होता. त्यांनी 21 दिवस रोज कृतज्ञतेच्या नोंदी केल्या. आजार होता तिथंच राहिला. पण या नोंदी न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची मनःस्थिती बरी होती, आणि झोपही जास्त लागत होती.

सहावी पायरी: अधूनमधून वजाबाकी

महिन्यातून एकदा पुरे. आयुष्यातली एखादी चांगली गोष्ट घ्या, समजा एखादा जिवलग मित्र. आता ती घडलीच नसती असं कसं झालं असतं, ते लिहा. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या बाकावर बसला असतात, तो आजारी असता, तर? 2008 सालच्या एका अभ्यासात जोडीदार आपल्याला भेटलाच नसता तर, असं लिहिणाऱ्यांचं समाधान, भेट कशी झाली ते लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं होतं. गृहीत धरलेली गोष्ट पुन्हा योगायोगाची, म्हणून नवलाची होते. नुकतंच कुणी गमावलं असेल तर मात्र ही पायरी सोडा. तुमच्या आयुष्यात वजाबाकी आधीच झालेली आहे.

सातवी पायरी: सांगा

मनातली कृतज्ञता ज्याच्यामुळे आहे त्याला कळत नाही, आणि आपण संकोचतो. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, शब्द नीट जुळणार नाहीत, असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि ती मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडून चुकला होता. समोरचा जितका अवघडेल असं त्यांना वाटलं होतं तितका तो अवघडला नाही, आणि त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त सुखावला. लिहिणाऱ्याला आपल्या शब्दांची काळजी असते, वाचणाऱ्याला त्यातली ऊब पोचलेली असते.

चार ओळी पुरतात. त्या व्यक्तीनं नेमकं काय केलं, तेव्हा तुमची स्थिती काय होती, आणि त्यामुळे पुढं काय झालं. माझ्या शाळेतल्या एका शिक्षकांना मी असं पत्र लिहायचं बारा वर्षं पुढं ढकललं. लिहिलं तेव्हा ते हयात होते, हे माझं नशीब. त्यांनी फोन केला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

जड दिवसांबद्दल

काही दिवस असे येतात की पाणी, ऊन, श्वास, काहीच पोचत नाही. दुःख ताजं असतं, किंवा कुणीतरी अन्याय केलेला असतो. त्या दिवशी कृतज्ञता ओढूनताणून आणू नका. ‘इतरांचे हाल पाहा, त्यापेक्षा तू बरा’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्याच्या दुःखावर उभं राहून आपलं समाधान मोजणं ही कृतज्ञता नाही, ती तुलना आहे. आणि जे सहन करू नये ते सहन करत राहण्यासाठी तर ही साधना मुळीच वापरू नका. राग खरा असेल तर तोही पाहण्याचाच विषय आहे: तो छातीत आहे की घशात, गरम आहे की आवळणारा?

अशा दिवशी पहिल्या तीन पायऱ्या करा आणि तिथंच थांबा. क्षण, श्वास, पाहणं. चौथीचा आग्रह नको. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बिघडली, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबूही नका, लगेच जवळच्या माणसाला सांगा. मदत मागणं हेही दुसऱ्याच्या हातांवर विश्वास ठेवणंच आहे.

खंड पडला तर

पडेलच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या चमूनं 96 जणांच्या सवयी कशा जडतात ते पाहिलं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. पण कुणाला 18 लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं सवयीच्या जडणघडणीत फारसा फरक पडला नाही. त्यामुळे चुकलेल्या दिवसांचा हिशेब ठेवू नका आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाईही करू नका. कागद पडला असेल तर पुन्हा चिकटवा. कडीला हात लागेल तेव्हा थांबा.